वायर सुटली, वक्ता सुटला

आमच्या चौक गावात माईकशिवाय काही होत नाही. बारशाला माईक, साखरपुड्याला माईक, दहाव्याच्या श्रद्धांजलीलाही माईक. भटजी उशिरा आले तर मंडळी चहा घेत थांबतात. साऊंडवाला उशिरा आला तर यजमानाचं ब्लडप्रेशर वाढतं. यात लोकांचा दोष नाही. गावाला लागून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो आणि त्यावरचे ट्रक हॉर्न वाजवल्याशिवाय चौक ओलांडत नाहीत. दुसऱ्या अंगानं पनवेल-कर्जत मार्गावरची मालगाडी. तिचे डबे संपेपर्यंत स्वागताध्यक्षांचं प्रास्ताविक संपतं आणि ते काय म्हणाले हे त्यांच्याखेरीज कुणाला कळत नाही. पावसाळ्याचे चार महिने पत्र्यावर पाऊस कोसळतो, तो वेगळाच. इथे नुसत्या गळ्यावर भाषण करायला निघालेला माणूस दोन वाक्यांत घसा धरून खाली बसेल. मी स्वतः चौक, खालापूर, कर्जत या पट्ट्यात सूत्रसंचालन आणि व्याख्यानं करत हिंडतो, तेव्हा माईकच्या उपकारांबद्दल मी कृतघ्न होणार नाही. माझी तक्रार माईकबद्दल नाहीच. त्याची वायर कुणी आणि का काढून घेतली, एवढंच मला विचारायचं आहे.

वायरचे गुण ती होती तोवर कुणाला कळले नाहीत. वायर होती तेव्हा वक्ता जागेवर होता. मशीनपासून स्टँडपर्यंत सतरंजीखालून ती यायची, आणि वक्ता बोलायला कितीही उतावीळ असला तरी त्याला तिच्याजवळ जावं लागे. दुसरं म्हणजे ती अधूनमधून सुटायची. भाषण ऐन रंगात आलं की शाल-श्रीफळाचं ताट घेऊन निघालेल्या एखाद्या कार्यकर्त्याचा पाय तिच्यात अडकायचा, पिन निघायची, आणि वक्त्याचे ओठ हलताहेत पण आवाज नाही असं मोठं रमणीय दृश्य दिसायचं. समोरच्या शेदोनशे माणसांपैकी एकही जण त्याच्या लक्षात आणून देत नसे.

तिसरा गुण स्टँडचा. सार्वजनिक स्टँडचा आटा नेहमी झिजलेला. वक्ता उभा राहिला की पोरगं येऊन माईक त्याच्या तोंडासमोर आणून घट्ट पिळून जायचं, आणि दुसऱ्या परिच्छेदापासून माईक हळूहळू खाली सरकू लागायचा. वक्ता आधी मान वाकवायचा, मग कंबर. समारोपापर्यंत तो श्रोत्यांपुढे इतका लवलेला असायचा की त्याच्या अहंकाराबद्दल कुणाला शंका राहत नसे. मोठ्या माणसांना नम्र करणारं दुसरं कुठलंही साधन सार्वजनिक जीवनात माझ्या पाहण्यात नाही.

आणि वीज. याच खालापूर तालुक्यात, खोपोलीला, टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि घाटमाथ्यावरच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जाऊ लागली. त्याच वर्षी, नाताळच्या आदल्या दिवशी, तिकडे अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी आपला ‘मॅग्नाव्हॉक्स’ भोंगा प्रचंड जमावापुढे वाजवून दाखवला. म्हणजे आमची वीज आणि जगाचा भोंगा एकाच वर्षीचे. फक्त पत्रिका जुळली नाही. शंभरावर वर्षं उलटली, वीज आमच्या शेजारी घाटाच्या पायथ्याला तयार होते, आणि प्रमुख पाहुणे ‘मित्रहो’ म्हणाले की जाते.

माईक मुळात आला तो वेगळ्या माणसांसाठी. गांधीजी-नेहरूंच्या सभांची जुनी छायाचित्रं बघा. तोंडापुढच्या माईकवर ‘शिकागो रेडिओ’ अशी पाटी दिसते. नाव शिकागोचं, कंपनी मुंबईच्या मोटवाने मंडळींची. गांधीजींचा आवाज बारीक, सभा अफाट. ज्याच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे आणि आवाज नाही, अशा माणसाची ही सोय होती. पुढे तिचा लाभ नेमक्या उलट प्रकारच्या माणसांनी घेतला.

मग कॉर्डलेस आला, आणि त्याच्या मागोमाग चाकांचा ट्रॉली स्पीकर. बॅगेसारखा ओढत नेता येतो, समोर लाल-निळे दिवे लुकलुकतात, पेनड्राइव्हही चालतो आणि सोबत दोन माईक फुकट. बचत गटापासून भजनी मंडळापर्यंत सगळ्यांनी घेतला. यानं सगळ्यात मोठी क्रांती केली ती लग्नात. पूर्वी मंगलाष्टक म्हणायचं तर स्टेजच्या चार पायऱ्या चढाव्या लागत, आणि त्या चढताना निम्म्या हौशी गायकांचा धीर सुटे. आता माईकच हॉलभर फिरतो. आत्या पहिल्या रांगेतून म्हणतात, मामी पंख्याखालून म्हणतात, आणि नवऱ्या मुलाचे काका जेवणाच्या दारातून. काकांच्या ‘कुर्यात सदा मंगलम्’च्या मागे वाढप्याचं ‘मठ्ठा, मठ्ठा’ स्वच्छ ऐकू येतं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात, अक्षता मुठीत घामेजतात, आणि दोन कडव्यांच्या मधल्या फटीत कुणीतरी दुसऱ्या माईकवरून सांगून घेतो, ‘एमएच शेहेचाळीस, पांढरी बोलेरो, ज्याची असेल त्यानं गाडी काढावी.’

या दोन माईकांतही एक मेख आहे. स्वस्तातल्या कॉर्डलेसची रेडिओ-लहर कारखान्यातूनच ठरून येते. एकाच दुकानातून दोघांनी सारखाच संच उचलला तर दोघांची लहर एकच निघू शकते. आणि या रेडिओचं तंत्र असं की दोन आवाज एकदम आले तर ते मिसळत नाहीत. जो जोरकस तोच ऐकू येतो, दुसरा पार गप्प होतो. सोसायटीच्या वार्षिक सभेचं तंत्र याहून फार वेगळं नसतं. तर निवडणुकीचे दिवस, एका कार्यालयात लग्न, आणि भिंतीपलीकडे प्रचाराची कोपरा सभा. मोरबे धरण आमच्या उशाशी आणि पाणी नवी मुंबईला, त्यामुळे पाण्याचं आश्वासन आमच्याकडे कधी शिळं होत नाही. उमेदवार तारस्वरात म्हणाला, ‘या वाडी-वस्तीच्या पाण्याचा प्रश्न मी सहा महिन्यांत सोडवतो, हा माझा शब्द आहे!’ त्याच क्षणी त्याच्या माईकचे सेल संपले, आणि त्याच्याच भोंग्यातून भटजींचा खणखणीत आवाज आला, ‘सावधान!’ त्या सभेत तेवढ्या एकाच शब्दाला टाळ्या पडल्या.

हातातला माईक निदान दिसतो तरी. कॉलर माईक करंगळीएवढा, आणि ज्याला लावला त्यालाच त्याचा आधी विसर पडतो. माईक चालू आहे हे विसरण्याची परंपरा मात्र थोर आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ११ ऑगस्ट १९८४ रोजी रेडिओवरच्या भाषणाआधी आवाज तपासताना गमतीनं सांगून टाकलं की रशियावर पाच मिनिटांत बॉम्बफेक सुरू करतोय. गंमत बाहेर फुटली आणि जगाची झोप उडाली. आमच्याकडे टेस्टिंगला ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ एवढंच म्हणतात, ते काही उगाच नाही. जागतिक शांततेच्या दृष्टीनं हे वाक्य निर्धोक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत पत्रकार परिषद सुरू होण्याआधीचं बड्या नेत्यांचं आपसातलं बोलणंही माईकनं असंच टिपलं, आणि पुढे पत्रकार परिषदेपेक्षा लोकांनी तेच जास्त ऐकलं.

आमच्याकडचा प्रकार त्या मानानं घरगुती. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. ऐन वेळी खोळंबा नको म्हणून पाहुण्यांना गाडीतून उतरल्या उतरल्या कॉलर माईक लावून टाकला. पाहुणे खुर्चीत स्थिरावले. प्रास्ताविक संपलं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाई पुढचा कागद शोधू लागल्या. तेवढ्या शांततेत चारही बॉक्समधून पाहुण्यांचा आवाज आला.

‘अहो, गावाचं नाव काय म्हणालात?’

‘चौक,’ शेजारी बसलेल्या अध्यक्षांनी सांगितलं. हेही चारही बॉक्समधून.

‘आणि इथलं मोठं असं कोण?’

‘नेताजी पालकर.’

‘सध्या असतात का इथे?’

‘सरसेनापती होते, साहेब. शिवाजी महाराजांचे.’

‘हां, ते होय. बरं झालं विचारलं. आणि जेवण इथेच आहे, का जाताना कुठे?’

साऊंडवाल्या पोरानं मशीनवर झेप टाकली आणि आवाज बंद केला. दहा मिनिटांनी पाहुणे बोलायला उभे राहिले, मंडपावरून प्रेमळ नजर फिरवली आणि म्हणाले, ‘सरसेनापती नेताजी पालकरांच्या या चौक गावाशी माझं फार जुनं नातं आहे.’ आमचं गाव सुसंस्कृत आहे. कुणीही हसलं नाही. मागच्या रांगेतून एक म्हातारबा तेवढे म्हणाले, ‘जेवण इथेच आहे, साहेब. सावकाश बोला.’

बिनवायरच्या माईकला शरीरशास्त्राचंही वावडं आहे. यांपैकी पुष्कळ माईक २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीवर चालतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथलेच. ही लहर पाण्यात शोषली जाते, आणि माणसाच्या देहात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आता आमच्या स्टेजची मांडणी बघा. माईक वक्त्याच्या छातीवर, तो ऐकणारा रिसीव्हर स्टेजच्या मागे मशीनजवळ, आणि दोघांच्या मधे खुद्द वक्ता. वक्ता जितका भरदार, तितका आवाज तुटक. लोक म्हणतात माईक खराब आहे. माईक ठणठणीत असतो. वक्त्याच्या भाषणाआड तो स्वतः येत असतो. त्यात फोटोसाठी चार कार्यकर्ते त्याला चिकटून उभे राहिले की उरलासुरला आवाजही जातो. कार्यकर्त्यांच्या कोंडाळ्यामुळे नेत्याचं म्हणणं लोकांपर्यंत पोचत नाही, ही टीका आपण राजकीय समजत होतो. ते साधं भौतिकशास्त्र आहे.

ब्लूटूथवर जोडलेल्या स्पीकरची खोड आणखी निराळी. त्यातून आवाज थोडा उशिरा निघतो, सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्शानं. आपलाच शब्द असा मागाहून कानावर आला की माणसाची जीभ अडखळते; शहाण्यासुरत्याची अडखळते. मोठ्या मैदानात तर नुसती हवाच उशीर करते. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे मैदानाच्या टोकाला पावणेदोनशे मीटरवर लावलेल्या भोंग्यातला शब्द वक्त्याकडे अर्ध्या सेकंदानं परत येतो. तो येऊन जाईपर्यंत थांबावं लागतं. धीरगंभीर वक्तृत्व म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्यातला काही भाग हा आपल्याच मागच्या वाक्याला वाट देण्याचा असतो.

या पट्ट्यात बोलणाऱ्याला विषयाची ददात नाही. चौकला नेताजी पालकर, महडला वरदविनायक, चावणीच्या बाजूला उंबरखिंड, कर्जतला भाई कोतवाल. पण यातले दोन विषय माईकवरून बोलताना मला नेहमी चोरट्यासारखं होतं. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली. खानाची माणसं पुरती आत येईपर्यंत झाडीत दबा धरलेल्या मावळ्यांनी हूं की चूं केलं नाही. अर्धी लढाई त्या गप्प बसण्यानंच जिंकली. त्या नि:शब्दतेचं वर्णन आम्ही वक्ते करतो ते दोन्ही बाजूंना बॉक्सची थप्पी लावून, वर एको टाकून. ‘झाडाचं पानही हललं नाही… नाही… नाही…’ असं घुमतं आणि मागच्या आंब्यावरची पाखरं भर्रकन उडून जातात.

कोतवालांचं तसंच. माथेरानच्या या वकिलानं १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्यावरचं भाषण चालू असताना लाईट गेली की आयोजक हवालदिल होऊन फोन लावत सुटतात. त्या प्रसंगाला साजेशी दुसरी आदरांजली मला तरी सुचत नाही.

आता तर लाईट गेली तरी भाषण थांबत नाही. माईकला बॅटरी, स्पीकरला बॅटरी, आणि समोर तिपाईवर वक्त्याचा स्वतःचा मोबाईल, रेकॉर्डिंगला. नव्या पिढीचा वक्ता खिशातून काजळाच्या डबीएवढी पेटी काढतो, तीत दोन कॉलर माईक झोपलेले असतात. एक तो स्वतःला लावतो, दुसऱ्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी घालून ठेवतो. मग तो बोलतो ते मोबाईलकडे बघून. समोरची माणसं पार्श्वभूमीला असतात. त्यांनी मधे उठू नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. या माईकला गोंगाट पुसणारं बटण असतं. ट्रकचा हॉर्न जातो, पंख्याची घरघर जाते, कावळे जातात. पण यंत्राला टाळ्या आणि गोंगाट यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे टाळ्यांवरही हात फिरतो. एका तरुण व्याख्यात्यानं ही खंत माझ्याजवळ बोलून दाखवली. मी त्याचं भाषण ऐकलेलं होतं, म्हणून यंत्राला दोष दिला नाही.

रेकॉर्डिंगनं वक्त्यांचं एक नुकसान मात्र खरोखरच केलं. ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला’ हे हक्काचं वाक्य गेलं. काही माईक तर रिसीव्हरशी संपर्क तुटला तरी आपल्या पोटात सगळं नोंदवून ठेवतात. काही संचांत कमी आवाजाची जादा प्रतही निघते, वक्ता ओरडला तरी आवाज फाटू नये म्हणून. पूर्वी ग्रामसभेत दिलेला शब्द वाऱ्यावर जायचा आणि पुढच्या ग्रामसभेत तोच नव्यानं देता यायचा. आता लोक मोबाईल काढून ऐकवतात. त्यावर अनुभवी मंडळींनी तोडगा काढला आहे. ते सालच सांगत नाहीत. ‘येत्या काळात’ हा शब्दप्रयोग रेकॉर्डिंगमुळे फोफावला, असं माझं निरीक्षण आहे.

श्रोत्यांच्या बाजूला उरला तो कायदा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद केले. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. हा कायदा झोपेसाठी केला असं लोक समजतात. माझ्या मते तो आभारप्रदर्शनासाठी केला. साडेनऊला तीन वक्ते शिल्लक असले की मंडपातल्या प्रत्येकाचं लक्ष घड्याळाकडे लागतं, आणि दहाला पाच कमी असताना गेटजवळ पोलिसांची गाडी दिसली की तिचं स्वागत प्रमुख पाहुण्यांपेक्षा मनापासून होतं.

आणि कायद्याच्याही आधीपासून श्रोत्यांचा एक पाठीराखा होता, तो म्हणजे साऊंडवाला. आमच्या भागातली सगळी भाषणं, सगळी कीर्तनं, टेनिस क्रिकेटच्या रात्रीच्या सामन्यांची कॉमेंट्रीसुद्धा ज्यानं शेवटपर्यंत ऐकली आहे असा हा एकटा माणूस. पैसे घेऊन ऐकतो, तरी ऐकतो. सेलवर चालणाऱ्या कॉर्डलेसचा जमाना होता तेव्हा तो दोन पिशव्या बाळगायचा, एकीत नवे सेल, दुसरीत वापरलेले. कार्यक्रमाआधी आयोजकांना बाजूला घेऊन विचारायचा, ‘साहेब बोलायला कसे आहेत?’ आणि उत्तराप्रमाणे पिशवीत हात घालायचा. चार्जिंगचे माईक आले आणि ही सोय संपली. आता एकदा भरलेला माईक पाच-सहा तास मरत नाही, वक्ता तर त्याहून टिकाऊ.

मी त्याला विचारलं, ‘मग आता काय करतोस रे?’

‘सोपं आहे, सर,’ तो म्हणाला. ‘स्टेजवर वक्त्याच्या पायाशी छोटा बॉक्स असतो ना, मॉनिटर? तो फुल ठेवायचा. बाहेरचे हळूहळू बारीक करत न्यायचे. त्यांना वाटतं सगळं गाव ऐकतंय. गाव आपलं गप्पा मारतं. कुणाचंच मन दुखावत नाही.’

मी त्याच्या कल्पकतेचं तोंड भरून कौतुक केलं. परवा मात्र माझं व्याख्यान होतं, साऊंडवाला तोच, आणि माझा प्रत्येक शब्द मला फारच स्वच्छ ऐकू येत होता. तेव्हापासून चैन नाही.